थांबायचं कुठे?

मंडळी, बरेच दिवस काही लिहिलं नव्हतं. कारण साधं आहे. लेकीच्या गाईड पथकाचा चिखलदऱ्याचा कॅम्प, त्याची तयारी, आणि त्यावरून पालकांमध्ये झालेली चर्चा (चर्चा म्हणजे भांडण, पण आपण सुशिक्षित ना!) यात महिना गेला. चर्चेचा विषय एकच होता. अकोल्याहून चिखलदऱ्याला जाताना वाटेत थांबायचं की नाही?

एका बाजूचं म्हणणं, "कॅम्प तीन दिवसांचा. वाटेत वेळ कशाला घालवता? सकाळी सहाला निघा, दहाला पोचा, तंबू ठोका." दुसऱ्या बाजूला तयार यादीच होती. नरनाळा, मुक्तागिरी, हौजकटोरा, भीमकुंड, देवी पॉईंट, पंचबोल पॉईंट... "एवढं भाडं भरून बस करतोय तर सगळं दाखवा ना पोरींना!" पुण्याहून माझ्या दादाने फोनवर तिसरंच मत दिलं. "अगं, अकोल्यापासून परतवाड्यापर्यंत बघण्यासारखं आहे काय? झोपू दे पोरींना."

मला तिन्ही मतं पटली नाहीत, म्हणून हा लेखनप्रपंच. माझं म्हणणं असं की स्काउट-गाईडच्या कॅम्पला जाणाऱ्या बसने थांबायलाच हवं, पण मोजक्या ठिकाणी, आणि 'स्थळदर्शन' म्हणून अजिबात नाही. वाट हा कॅम्पचाच पहिला दिवस आहे. तो झोपेत घालवला तर उरतात ते फक्त तंबू आणि मॅगी.

मुळात 'स्काउट' म्हणजे कोण? फौजेच्या पुढे जाऊन मुलूख पाहून येणारा. नदी कुठे उतरता येईल, पाणी कुठलं पिण्याजोगं, गाव कुणाच्या बाजूचं, हे ज्याला बघून कळतं तो. बेडन-पॉवेल हा ब्रिटिश फौजेतला अधिकारी. त्याची उमेदवारीची वर्षं हिंदुस्थानात गेली. १९०७ साली त्याने ब्राउनसी बेटावर पोरांचा पहिला प्रायोगिक कॅम्प घेतला, पुढच्या वर्षी पुस्तक लिहिलं, आणि मग ही चळवळ जगभर पसरली. आपल्याकडे ती १९०९ मध्ये आली, पण सुरुवातीला गोऱ्यांच्या मुलांपुरतीच होती. मग मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू, श्रीराम वाजपेयी यांनी आपल्या मुलांसाठी सेवा समितीची वेगळी स्काउट संघटना काढली. वेगवेगळ्या संघटना एकत्र येऊन ७ नोव्हेंबर १९५० ला भारत स्काउट्स आणि गाईड्स झाली. आज आपल्या पोरी सोपानामागून सोपान चढतात, गाठी मारतात, 'खरी कमाई' करतात, झेंड्याला सलामी देतात. सगळं छान आहे. पण मूळ काम होतं 'बघणं', आणि ते कुठल्या सोपानात गेलं ते शोधावं लागतं.

बघणं म्हणजे काय, याचं एक उदाहरण मी पालकांच्या सभेत दिलं. आपल्याच शेजारचं आहे, जालना जिल्ह्यातल्या असईचं. २३ सप्टेंबर १८०३. शिंदे-भोसल्यांची फौज नदीपलीकडे, इंग्रजांचा जनरल आर्थर वेल्स्ली (पुढे वॉटर्लू जिंकणारा ड्यूक ऑफ वेलिंग्टन तो हाच) अलीकडे. वाटाडे म्हणाले, इथे नदीला उतार नाही. वेल्स्लीला नदीच्या दोन्ही काठांवर समोरासमोर दोन गावं दिसली. त्याने मनाशी म्हटलं, एवढी जवळजवळ गावं आहेत म्हणजे माणसं येत-जात असणारच, म्हणजे उतार असणारच. आणि उतार होता. फौज पलीकडे गेली आणि लढाई फिरली. शत्रू झाला म्हणून काय झालं, बघणं शिकावं तर असं! आपल्या लोकांच्या नजरेसमोर तीच नदी आणि तीच गावं होती, हेही विसरू नये.

सभेत यावर शांतता झाली. मग एक काका म्हणाले, "बरं, पण बसचे जास्तीचे पैसे कोण देणार?" :)

असो. शेवटी गाईड कॅप्टन बाईंनी तोडगा काढला. तीन थांबे, प्रत्येक ठिकाणी जास्तीत जास्त पाऊण तास, आणि प्रत्येक थांब्याला एकच प्रश्न. उत्तर कुणी सांगायचं नाही, मुलींनी बघून, विचारून शोधायचं. गेल्या डिसेंबरात बत्तीस मुली, कॅप्टन बाई, एक शिक्षिका आणि सामान सांभाळायला मी, अशी आमची वरात निघाली.

पहिला थांबा गांधीग्राम. अकोला-अकोट रस्त्यावर पूर्णा नदी लागते ते हे गाव. अकोलेकरांना सांगायला नको, श्रावणात राजराजेश्वराच्या कावडी इथूनच पाणी भरून निघतात आणि रात्रभर पायी चालत अकोल्यात येतात. इथल्या इंग्रजांच्या काळातल्या पुलाला २०२२ साली तडे गेले, वाहतूक बंद झाली, आणि नदी म्हणजे काय अडथळा असतो ते गाडीत बसणाऱ्यांना प्रथमच कळलं. अकोटच्या लोकांना वळसे घालून अकोला गाठावं लागत होतं.

इथला प्रश्न होता, "एवढी मोठी नदी शेजारी, एवढी काळीभोर जमीन, तरी शेतात विहिरी का दिसत नाहीत?" मुली पांगल्या. एका हापशीवर एक मावशी भांडी घासत होत्या. पोरींनी हापशीचं पाणी ओंजळीत घेतलं तशा त्या ओरडल्या, "हे पानी प्याचं नोय पोरींनो, धुन्याभांड्याचं हाय!" एकीने तरी जिभेला लावून पाहिलंच. तोंड कसंनुसं झालं. मचूळ, खारट.

हाच आपला खारपाणपट्टा. पूर्णेच्या दोन्ही अंगांना अमरावती, अकोला, बुलडाणा अशा तीन जिल्ह्यांत पसरलेला. नदीने शतकानुशतकं आणून टाकलेल्या खोल गाळाखालचं पाणीच खारं आहे. विहीर खोदली तरी ते पिकाला देता येत नाही, दिलं तर जमीन बिघडते. म्हणून इथली शेती पावसावरची, कपाशी, तूर, आणि ओलाव्यावर हरभरा. लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या हेच पाणी प्यायलं, आणि मुतखडे, किडनीचे आजार इथे घरोघरी ऐकायला मिळतात. मग प्यायला पाणी येतं कुठून? अकोट-तेल्हारा भागात ८४ खेडी योजनेचं पाणी येतं ते वान धरणातून, आणि वान नदी येते मेळघाटच्या डोंगरातून. म्हणजे ज्या जंगलात आपण 'मजा करायला' चाललो आहोत, त्याच जंगलाचं पाणी या गावांच्या नळाला आहे. हे पुस्तकात वाचून कुणाला आठवलं असतं? जिभेला लागलेलं मात्र आठवतं.

अकोटच्या पुढे मुलींना खिडकीतून बघायचं काम दिलं होतं, "रंग कुठे बदलतो ते सांगा." अंजनगावकडे जाता जाता डाव्या हाताला सातपुड्याची निळी रेघ जवळ येत जाते आणि मैलामैलाला हिरवा रंग वाढतो. केळी, संत्र्याच्या बागा, पानमळे, पानपिंपरी. डोंगराच्या पायथ्याशी वाळू-गोट्यांचा पट्टा आहे, डोंगरातलं पाणी त्यात मुरतं आणि विहिरींना गोडं पाणी लागतं. तासाभराच्या वाटेवर खाऱ्याचं गोडं होतं. झोपलेल्या मुलीला यातलं काहीही दिसत नाही, दादा, ऐकतो आहेस ना?

याच टापूत एका गोष्टीसाठी आम्ही मुद्दाम थांबलो नाही. मेळघाट १९७३-७४ साली देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्रप्रकल्पांपैकी एक झाला. पुढे या शतकाच्या सुरुवातीपासून कोहा, कुंड, बोरी आणि नंतर आणखी काही गावं जंगलातून उठवून खाली अकोट भागात वसवली गेली. कोणी खुशीने आले, कोणी आजही म्हणतात आमचं चुकलं, काहींनी परत जंगलात जाऊन ठिय्याही दिला. बत्तीस मुलींची बस तिथे उभी करून "बघा, ही विस्थापित माणसं" असं दाखवणं मला कसंतरी वाटलं. माणसं म्हणजे पॉईंट नव्हेत. पण न सांगता पुढे जाणंही बरोबर नव्हतं. म्हणून बाईंनी चालत्या बसमध्ये सांगितलं की आपण ज्याला 'निर्जन अरण्य' म्हणतो त्यातला काही भाग निर्जन केलेला आहे. आणि बाकीच्या भागात आजही कोरकू माणसं राहतात. त्यांची भाषा मराठीच्या किंवा हिंदीच्या कुळातली नाही, गोंडीच्याही नाही. तिची भावंडं थेट झारखंडात आहेत, संथाळी आणि मुंडारी. एका मुलीने विचारलं, "मग आपण त्यांच्या घरी चाललो आहोत का?" या एका प्रश्नासाठी माझं बसचं भाडं वसूल झालं.

दुसरा थांबा अंजनगाव सुर्जी. इथे बस थांबवली तर टपरीवरचे एक आजोबा उठून आले. "काहून थांबले बाप्पा? गाडी बिघडली काय?" म्हटलं, नाही, गाव बघायला थांबलो. ते मनापासून हसले. "इथं काय पाह्याले हाय?"

या आजोबांना काय सांगावं! ३० डिसेंबर १८०३ ला याच गावाशी शिंद्यांचा इंग्रजांशी तह झाला. महिनाभर आधी, २९ नोव्हेंबरला, आपल्या तेल्हारा तालुक्यातल्या अडगावला लढाई झाली. १५ डिसेंबरला गाविलगड पडला. १७ डिसेंबरला भोसल्यांनी देवगावच्या तहात कटक आणि वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख सोडला. आणि मग अंजनगावला शिंद्यांनी गंगा-यमुनेच्या मधला दोआब, दिल्ली-आग्र्याचा टापू, भडोच, अहमदनगर सोडून दिलं. दिल्लीच्या बादशहावर मराठ्यांचा शब्द चालत होता, तो कागदोपत्री संपला तो या गावात. शाळेच्या पुस्तकात एक ओळ असते, 'सुर्जी-अंजनगावचा तह'. ते अंजनगाव म्हणजे आपलं पानवाल्यांचं अंजनगाव, हे बत्तीसपैकी एकाही मुलीच्या डोक्यात नव्हतं. माझ्या ओळखीच्या मोठ्या माणसांपैकीही फार थोड्यांच्या असेल.

इथला प्रश्न होता, "तह इथेच का झाला असेल?" मुलींनी नकाशा पसरला. एका बाजूला नरनाळा, दुसऱ्या बाजूला गाविलगड, मध्ये हे गाव. पाणी गोडं, वैरण भरपूर. वेल्स्लीचा तळ तेव्हा इथे पडला होता. एक चिमुरडी म्हणाली, "म्हणजे त्यांचापण कॅम्पच होता की!" आजोबा ऐकत उभे होते. जाताना त्यांनी आम्हाला पानमळा दाखवायला नेलं. आत शिरल्यावर उन्हातही गार वाटतं. वेल कशी चढवतात, पानं कशी खुडतात, गड्डी कशी बांधतात, सगळं त्यांनी दाखवलं. दिल्ली गेली ती गोष्ट त्यांनी ऐकून घेतली आणि म्हणाले, "जाऊ द्या पोरीहो, पानं तं राह्यले." :)

दर्शनीय असं इथे काही नाही हे खरंच. आम्हाला दाखवता येईल अशी तहाची खूण काही सापडली नाही. पण म्हणूनच थांबावं असं माझं मत आहे. जिथे बोर्ड असतो तिथे लोक बोर्डाचा फोटो काढतात आणि निघतात. जिथे काही नसतं तिथे विचारावं लागतं.

अचलपूर-परतवाड्याला फक्त स्वच्छतागृह आणि चहा. वऱ्हाडच्या इमादशाहीची ही राजधानी, हौजकटोऱ्याचा अष्टकोनी मनोरा इथलाच, आणि आपली शकुंतला रेल्वे मूर्तिजापूरहून इथवरच यायची. हे सगळं सोडणं माझ्या जिवावर आलं होतं, पण सोडलं. एका दिवसात चौथा प्रश्न मुलींच्या डोक्यात मावत नाही. नरनाळ्याचंही तेच. शहानूरमार्गे वर जायचं, महाकाळी दरवाजा, नऊगजी तोफ बघायची तर अख्खा दिवस हवा. यादी पूर्ण करण्याच्या नादात सगळंच अर्धवट बघायची आपली जुनी खोड आहे. लग्नातल्या बुफेसारखं, ताटात सगळं आणि चव कशाचीच नाही.

तिसरा थांबा वर गाविलगड. परतवाडा सोडलं की घाट लागतो, तिथे नेहमीप्रमाणे चौघींना उलट्या झाल्या (लिंबं बरोबर ठेवा हो!). घाट चढताना बाईंनी सांगितलं की अचलपूरहून स्टीव्हन्सनच्या तुकडीने मोठ्या तोफा याच डोंगरांतून माणसांनी ओढून वर नेल्या, रस्ताही आधी स्वतःच तयार करत, आणि तोही डिसेंबरातच. बसमधली कुरकुर जरा कमी झाली.

गाविलगडाचा प्रश्न, "किल्ला कुठून घेतला असेल?" मुली दोन तास फिरल्या. (पाऊण तासाचा नियम इथे मोडला, मोडायलाच हवा होता.) दक्षिणेला सरळ तुटलेले कडे आहेत, खाली मैदान पसरलेलं. तिकडून कोण येणार? दरवाजावर कोरलेले सिंहासारखे प्राणी आणि दोन तोंडांचा पक्षी बघत, तलावाजवळून, पडक्या मशिदीपाशी थांबत शेवटी त्या उत्तरेच्या बाजूला आल्या. किल्ला तिथे पठाराला चिकटलेला आहे. "इथून!" बरोबर. बाहेरच्या तटाला तोफांनी भगदाड पाडलं. पण आतल्या तटाच्या आधी मोठी घळ होती. कॅम्पबेल नावाच्या कॅप्टनची तुकडी घळ उतरून, शिड्या लावून आतला तट चढली आणि दरवाजा उघडला. किल्लेदार बेनीसिंह आणि त्याची माणसं लढून मेली.

कड्यावर उभं राहून मुलींनी खाली बघितलं. हवा स्वच्छ होती. सकाळपासून आलो तो सगळा मुलूख समोर होता. पायथ्याचा हिरवा पट्टा, त्याच्या पुढे पूर्णेकडचा धुरकट काळा पट्टा. कुणी सांगायच्या आधीच एक म्हणाली, "ते खारं, हे गोडं." मला वाटतं, बेडन-पॉवेललाही यापेक्षा जास्त काही अपेक्षित नसावं.

आता आक्षेपांबद्दल, कारण ते खोटे नव्हते. उशीर झाला, चारला पोचलो आणि तंबू अंधार पडता पडता उभे राहिले. स्वच्छतागृहांचा प्रश्न मुलींच्या पथकाला सगळ्यात मोठा. थांबे आधी ती सोय बघूनच ठरवावेत, इतिहास नंतर. बसवाल्याने जास्तीचे पैसे घेतले, ते मुलींच्या 'खरी कमाई'तून गेले. आणि हो, किल्ल्यावर तटाला कठडे नाहीत, तेव्हा जोडीजोडीने आणि शिट्टीच्या अंतरात राहणं आलंच.

फायदा काय झाला म्हणाल, तर पहिल्या रात्री शेकोटीला नेहमीच्या सिनेमाच्या गाण्यांऐवजी मुलींनी आपणहून नाटुकलं बसवलं. दोन गावं, एक नदी, आणि "उतार नाही" म्हणणारा वाटाड्या! दुसऱ्या दिवशी जवळच्या पाड्यावरच्या कोरकू बायका खवा विकायला आल्या, तेव्हा मुलींनी त्यांना भाव विचारायच्या आधी विचारलं, "तुमच्या भाषेत पाण्याला काय म्हणतात?" त्या बायका आधी लाजल्या, मग शब्दांची अशी देवाणघेवाण चालली की खवा कमी पडला. तंबू कसा ठोकायचा ते पोरी कुठेही शिकतील. आपण कुठून आलो आणि कुणाच्या दारात उतरलो हे कळणं, ते त्या वाटेनेच दिलं.

मला मनापासून भीती वाटते ती वेगळीच. आपली मुलं बारावी झाली की पुण्या-मुंबईला जातात. तिथे कुणी विचारलं, "अकोल्याला काय आहे?" तर ती म्हणतात, "काही नाही, ऊन आहे." दादासुद्धा हेच म्हणतो, आणि तो काही वाईट मुलगा नव्हता! त्याला आमच्या बाबांनी दरवर्षी चिखलदऱ्याला नेलं, पण गाडी थेट पॉईंटवरच थांबायची. 'इथं काय पाह्याले हाय' हे आजोबांनी म्हटलं तर तो नम्रपणा आहे. आपल्या मुलांनी म्हटलं तर तो तोटा आहे.

तेव्हा तुमच्याकडच्या पथकांना, शाळांना, मामा-मावश्यांना माझं एवढंच सांगणं. तीन थांबे. एक पाण्याचा, एक गावाचा, एक उंचावरचा. प्रत्येकाला एक प्रश्न, आणि मोठ्यांनी तोंड बंद. पुढच्या वर्षी आमचं पथक नरनाळ्याला जाणार म्हणतंय. अकोटच्या पलीकडचा एखादा बिनबोर्डाचा थांबा कुणाला माहीत असेल तर जरूर कळवा. दादा, तुलाही आवताण आहे, पण बसमध्ये झोपायचं नाही.